कार्लाइलचा १९१२ चा हंगाम मुलांना पूर्ण सांगा: मराठी शाळांच्या शिक्षक-पालकांना खुलं पत्र

प्रति,
अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मराठी शाळांचे शिक्षक, पालक आणि मंडळांचे कार्यकर्ते यांस,

सप्रेम नमस्कार.

मध्यंतरी आमच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जुना फोटो आला. तुमच्याकडेही आला असेल. एक दणकट तरुण खेळाडू उभा आहे आणि त्याच्या दोन पायांत दोन वेगळे बूट आहेत. खाली मजकूर: ऐन ऑलिंपिकमध्ये याचे बूट चोरीला गेले, याने कचऱ्यातून मिळतील ते दोन बूट उचलले, पायात चढवले आणि दोन सुवर्णपदकं जिंकली, म्हणून आयुष्यात कारणं सांगत बसू नका. भराभर अंगठे आणि हात जोडलेले आले. एका बाबांनी मला वेगळा मेसेज केला, "ताई, रविवारी वर्गात ही गोष्ट नक्की सांगा. मुलं फार कुरकुर करतात हल्ली."

मी ती गोष्ट त्या रविवारी सांगितली नाही. त्यांना तेव्हा नीट उत्तरही देता आलं नाही. हे पत्र म्हणजे ते उत्तर आहे, आणि ते एकट्या त्यांच्यासाठी नाही.

फोटोतला माणूस जिम थॉर्प. तो ज्या शाळेकडून खेळायचा ती पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल गावात होती. हॅरिसबर्गहून पश्चिमेला साधारण वीस मैल. आपण सगळे मुलांना घेऊन हर्शीला जातो, चॉकलेटचा कारखाना बघतो, पाळण्यात बसतो. तिथून कार्लाइल पाऊण तासावर आहे. गेटिसबर्गला जाऊन युद्धाची मैदानं बघतो, तिथूनही तेवढंच. मी याच भागात राहते. कितीदा तरी कार्लाइलवरून गेले होते आणि कधी थांबले नव्हते. मग एकदा माझी मुलगी, तेव्हा दुसरीत होती, गाडीच्या खिडकीतून रस्त्याकडेचा निळा-पिवळा सरकारी फलक वाचून म्हणाली, "आई, इथे इंडियन स्कूल होतं? आपलं?" मी म्हटलं, "नाही गं, ते रेड इंडियन." एवढं बोलून मी गाडी पुढे नेली. ते उत्तर मला आजही टोचतं. त्यानंतर मी वाचायला लागले, आणि पुन्हा त्या गावी गेले ते थांबायलाच.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. थॉर्पच्या संघाला सगळे कॉलेज फुटबॉलचा (म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा) संघ म्हणतात, कारण तो हार्वर्ड, पेन (पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ), आर्मी (लष्कराची अकादमी) यांच्याशी खेळायचा. पण कार्लाइल कॉलेज नव्हतं. ती सरकारची औद्योगिक निवासी शाळा होती. अर्धा दिवस प्राथमिक-माध्यमिक दर्जाचा अभ्यास, अर्धा दिवस सुतारकाम, लोहारकाम, शिवणकाम, धुलाई. सुट्टीत मुलांना घरी पाठवण्याऐवजी आसपासच्या गोऱ्या कुटुंबांत शेतावर आणि घरकामाला पाठवायचे, त्याला 'आउटिंग' म्हणत. ही शाळा १८७९ मध्ये रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने एका रिकाम्या छावणीत सुरू केली. पहिल्या तुकडीत रोझबड आणि पाइन रिज इथली ८२ लाकोटा मुलं-मुली होती. रेल्वेने, रात्रीच्या अंधारात ती कार्लाइलला उतरली. पुढच्या ३९ वर्षांत १४० हून जास्त जमातींची ७,८०० हून अधिक मुलं तिथे आणली गेली. प्रॅटचं धोरण त्याच्याच एका वाक्यात प्रसिद्ध आहे: माणसातला 'इंडियन' मारा आणि माणूस वाचवा. तो स्वतःला या लोकांचा हितचिंतक मानायचा, हे मला जास्त भयंकर वाटतं.

तर 'इंडियन' मारायचा म्हणजे काय करायचं? आल्याबरोबर केस कापायचे. लाकोटांमध्ये केस कापणं हे घरात मरण झाल्याचं लक्षण, त्यामुळे मुलं हादरून गेली. अंगावरचे कपडे काढून लष्करी गणवेश द्यायचा. मग नाव बदलायचं. ल्यूथर स्टँडिंग बेअर हा त्या पहिल्या तुकडीतला मुलगा. मोठा झाल्यावर त्याने लिहून ठेवलंय की फळ्यावर खडूने काही नावं लिहिली होती, हातात एक काठी दिली, आणि त्याने ज्या नावावर काठी ठेवली ते त्याचं नाव झालं. त्याला ती अक्षरं वाचताही येत नव्हती. आणि सगळ्यात शेवटी, आपल्या भाषेत बोलायचं नाही. बोललं की शिक्षा.

हे मी मराठी शाळेच्या शिक्षकांना लिहितेय म्हणून या शेवटच्या गोष्टीवर जरा थांबते. दर रविवारी आपण काय करतो? भाड्याच्या खोलीत पंधरा-वीस मुलं गोळा करतो, 'ळ' आणि 'ण' घोटून घेतो, आणि मुलं मधल्या सुट्टीत इंग्रजीत बोलली की हिरमुसतो. आपली मुलं मराठी विसरतात ती आपसूक, सोयीसाठी. त्याचंसुद्धा आपल्याला किती वाईट वाटतं. कार्लाइलच्या मुलांच्या तोंडातून भाषा ठरवून, शिस्तीने, सरकारी खर्चाने काढून घेतली. घरी परतल्यावर आईशी बोलायला शब्द उरले नाहीत अशी मुलं होती. हे दुःख समजायला आपल्याला कुणी शिकवावं लागणार नाही.

आता फुटबॉलकडे येते, कारण मुलांना ऐकायची असते ती गोष्ट तीच, आणि ती खरोखर रोमांचक आहे.

सुरुवातीला प्रॅटने बाहेरच्या संघांशी फुटबॉल खेळायला बंदी घातली होती, कारण एका सामन्यात एका मुलाचा पाय मोडला होता. तेव्हा चाळीसेक मुलं त्याच्या कचेरीत गेली आणि त्यांच्यातल्या एका चांगल्या वक्त्याने परवानगीसाठी बाजू मांडली. प्रॅटने दोन अटी घातल्या. समोरच्याने ठोसा मारला तरी उलटून मारायचं नाही, कारण तुम्ही मारलंत तर लोक म्हणतील बघा, रानटी ते रानटीच. आणि काही वर्षांत देशातल्या सगळ्यात मोठ्या संघाला हरवायचं. मुलांनी दोन्ही कबूल केल्या. पहिली अट मी वर्गात सांगितली तेव्हा दहा वर्षांचा एक मुलगा लगेच म्हणाला, "म्हणजे त्यांना रेफ्री पण वेगळा होता?" त्याने अगदी मर्मावर बोट ठेवलं.

१८९९ मध्ये ग्लेन 'पॉप' वॉर्नर प्रशिक्षक म्हणून आला. मुलं अंगाने हलकी, संख्येने थोडी. समोर हार्वर्ड, पेन, प्रिन्स्टनचे धिप्पाड गडी. तेव्हाचा फुटबॉल म्हणजे नुसती रेटारेटी. एकमेकांच्या अंगावर ढीग रचायचा आणि इंच इंच सरकायचं. १९०५ च्या हंगामात इतके मृत्यू झाले की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना लक्ष घालावं लागलं, आणि १९०६ पासून चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली. मोठ्या विद्यापीठांना ते पोरखेळ वाटलं. कार्लाइलच्या मुलांनी मात्र ते आपलंसं केलं. १९०७ मध्ये फिलाडेल्फियात पेनविरुद्ध पीट हाउझरचे लांब, फिरते पास बघून प्रेक्षक थक्क झाले. कार्लाइल २६-६ ने जिंकलं. आज शनिवारी आपली मुलं टीव्हीसमोर बसून जो खेळ बघतात, तो मोकळा, वेगवान, चेंडू हवेत उडणारा खेळ घडवण्यात या मुलांचा फार मोठा वाटा आहे. नोव्हेंबर १९११ मध्ये पायाला पट्ट्या बांधून खेळणाऱ्या थॉर्पने हार्वर्डविरुद्ध चार फील्ड गोल मारले, म्हणजे चार वेळा लाथेने चेंडू गोलच्या खांबांमधून पार केला, आणि कार्लाइलने १८-१५ असा सामना जिंकला. त्या हंगामात ते एकच सामना हरले, सिरॅक्यूजशी, तोही ११-१२ असा एका गुणाने.

आणि मग १९१२.

जुलैमध्ये थॉर्पने स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन (पाच खेळप्रकार) आणि डेकॅथलॉन (दहा खेळप्रकार) अशी दोन सुवर्णपदकं जिंकली. त्याच शाळेच्या लुईस टेवानिमाने दहा हजार मीटर शर्यतीत रौप्यपदक मिळवलं. टेवानिमाचं नाव कुठल्याच फॉरवर्डमध्ये नसतं म्हणून सांगते. तो होपी जमातीचा. सरकारी शाळांना विरोध करणाऱ्या होपी लोकांना सैन्याने पकडलं, त्यांच्यातल्या तरुणांना १९०७ मध्ये कैदी म्हणून कार्लाइलला पाठवलं, त्यात तो होता. ज्या देशाने कैदी म्हणून आणलं त्या देशासाठी पाच वर्षांनी तो पदक घेऊन आला. मग ॲरिझोनाला आपल्या गावी परतला आणि मेंढ्या राखत, शेती करत राहिला.

ऑगस्टमध्ये कार्लाइल गावाने या दोघांची मिरवणूक काढली आणि सप्टेंबरात फुटबॉल सुरू झाला. त्या वर्षी नियम पुन्हा बदलले होते. मैदान शंभर यार्डांचं झालं, टचडाउनचे, म्हणजे चेंडू समोरच्याच्या रेषेपलीकडे नेण्याचे, पाचाऐवजी सहा गुण, आणि तीनऐवजी चार डाउन, म्हणजे चेंडू दहा यार्ड पुढे न्यायला चार प्रयत्न. आजचा खेळ जवळपास तिथूनच सुरू होतो. या नव्या नियमांच्या पहिल्याच हंगामात कार्लाइल चौदा सामने खेळलं. २१ सप्टेंबरला ऑलब्राइटशी ५०-७. चार दिवसांनी लेबनन व्हॅलीशी ४५-०. तीन दिवसांनी शेजारच्याच डिकिन्सन कॉलेजशी ३४-०. २ ऑक्टोबरला व्हिलानोव्हाशी ६५-०. आणि ५ ऑक्टोबरला वॉशिंग्टन अँड जेफरसनशी ०-० बरोबरी. पंधरा दिवसांत पाच सामने! आजच्या कुठल्याही कॉलेज संघाला हे करायला सांगून बघा. सिरॅक्यूजला ३३-० ने हरवून आदल्या वर्षीची भरपाई केली. पिट्सबर्गला ४५-८. शनिवारी २६ ऑक्टोबरला राजधानी वॉशिंग्टनमध्ये जॉर्जटाउनला ३४-२० ने हरवलं, तिथून गाडी पकडली आणि सोमवारी कॅनडात टोरांटोशी खेळले: ४९-१. मग लेहाय, ३४-१४. हे सगळे प्रवास रेल्वेने. मोठ्या संघांना प्रेक्षक आणि तिकिटाचा पैसा आपल्या मैदानावर हवा असायचा, म्हणून कार्लाइलनेच कायम दुसऱ्याच्या दारी जायचं.

९ नोव्हेंबर १९१२ ला ते वेस्ट पॉइंटला गेले. समोर अमेरिकी लष्कराच्या अकादमीचा संघ.

इथे तारखा बघा. वुंडेड नी इथे लष्कराने लाकोटा बायका-मुलांसह शेकडोंना मारलं ते २९ डिसेंबर १८९० ला, म्हणजे या सामन्याच्या जेमतेम बावीस वर्षं आधी. मैदानात उतरलेल्या कार्लाइलच्या मुलांचे वडील, काका, आजोबा याच लष्कराची सत्ता अंगावर झेललेले. समोर त्याच लष्कराचे होऊ घातलेले अधिकारी. त्यांच्यात ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा एक तरुण होता, पुढे दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांचा सेनापती आणि नंतर राष्ट्राध्यक्ष झालेला. वॉर्नरने त्या दिवशी नवी रचना काढली, दोन्ही कडांना एकेक खेळाडू रेषेजवळ आणून उभा करायची. आर्मीला कळेना की चेंडू कुणाकडे जाणार. क्वार्टरबॅक, म्हणजे चाली ठरवणारा, गस वेल्श, मागे थॉर्प आणि ॲलेक्स अर्कासा, पुढच्या फळीत जो गायॉन. थॉर्पला अडवायला धावलेले आयझेनहॉवर आणि त्याचा जोडीदार एकमेकांवरच आपटले आणि दोघांनाही मैदान सोडावं लागलं. आर्मीच्या कर्णधाराचा तोल सुटला, तो गायॉनच्या अंगावर गेला आणि पंचांनी त्याला बाहेर काढलं. कार्लाइलचा संघ आपल्या खेळाला चिकटून राहिला. अर्कासाने तीन टचडाउन केले, जो बर्गीने एक, तीन जादा गुण थॉर्पच्या पायातून आले. कार्लाइल २७, आर्मी ६.

हा सामना सांगताना माझा आवाज चढतो. वर्गात मुलं टाळ्या वाजवतात, आणि वाजवू द्याव्यात. त्या मुलांनी ते कमावलंय.

पुढच्या शनिवारी पेनशी ते हरले, २६-३४. दमले असतील तर नवल नाही, अकरा सामने अंगावर होते. मग स्प्रिंगफील्डला ३०-२४ आणि थँक्सगिव्हिंगच्या दिवशी ब्राउनला ३२-०. बारा विजय, एक पराभव, एक बरोबरी. एकूण ५०४ गुण.

फॉरवर्ड असतं तर इथे संपलं असतं. मी विनंती करते की तुम्ही इथे संपवू नका.

दोन महिन्यांत, जानेवारी १९१३ मध्ये, वर्तमानपत्रात बातमी आली की थॉर्प १९०९ आणि १९१० मध्ये नॉर्थ कॅरोलिनात पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता. किरकोळ पैसे होते. त्या काळात कॉलेजची कित्येक मुलं उन्हाळ्यात असं खेळायची, फक्त खोट्या नावाने. थॉर्प खऱ्या नावाने खेळला. वॉर्नर आणि शाळेचे सुपरिंटेंडंट दोघांनीही आपल्याला काहीच माहीत नव्हतं असं सांगितलं. थॉर्पच्या नावाने माफीचं पत्र गेलं, आणि त्याची पदकं परत घेऊन नोंदीतून नाव काढलं. ऑलिंपिकच्या नियमाप्रमाणे तक्रार तीस दिवसांत करायला हवी होती. इथे सहा महिने उलटले होते. तो नियम पुढे करायला थॉर्पच्या बाजूने कुणी उभं राहिलं नाही. १९५३ मध्ये तो गेला तेव्हाही पदकं नव्हती. १९८३ मध्ये त्याच्या मुलांना पदकांच्या प्रतिकृती दिल्या, पण नोंदीत त्याला दुसऱ्यांबरोबर विभागून विजेता ठेवलं. एकट्याचं नाव पुन्हा लागलं ते जुलै २०२२ मध्ये, एकशे दहा वर्षांनी. दोन वेगळ्या बुटांची गोष्ट सांगताना कारणं सांगू नका असं आपण मुलांना म्हणतो. पण बूट गेले हा या माणसावरचा सगळ्यात छोटा अन्याय होता.

आणि गस वेल्श. मला विचाराल तर या संघातला मुलांना सांगण्याजोगा माणूस तो. विस्कॉन्सिनचा, ओजिब्वे. त्याच्या घरातली बरीच माणसं क्षयाने गेली, आजीने वाढवला. १९१२ चा हंगाम त्याने मैदानावर चालवला. आणि दीड वर्षाच्या आत त्यानेच शाळेविरुद्ध काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, चौकशीसाठी अर्ज तयार केला आणि २७६ विद्यार्थ्यांच्या सह्या घेतल्या. १९१४ च्या सुरुवातीला काँग्रेसची संयुक्त समिती कार्लाइलला आली. मुलांनी साक्षी दिल्या: अपुरं जेवण, मारहाण, फुटबॉलच्या कमाईचा शाळेच्या हिशेबात न दिसणारा वेगळा फंड, त्यातून खेळाडूंना आणि बातमीदारालाही दिलेले पैसे. वॉर्नर हॉटेलच्या लॉबीत तिकिटं विकायचा आणि खेळाडूंना घाणेरड्या शिव्या द्यायचा, हेही वेल्श आणि इतर खेळाडूंनीच सांगितलं. सुपरिंटेंडंटला जावं लागलं. वॉर्नर पिट्सबर्गला मोठ्या नोकरीवर गेला आणि थोर प्रशिक्षक म्हणून ओळखला गेला. मुलांच्या एका फुटबॉल संघटनेला आजही त्याचं नाव आहे. वेल्शने पुढे कायद्याचं शिक्षण घेतलं आणि पहिल्या महायुद्धात अधिकारी म्हणून गेला. ज्या मुलाने आर्मीला हरवलं तो आपल्याच प्रशिक्षकाविरुद्ध साक्ष द्यायला उभा राहतो, तेही त्या शाळेत, त्या वयात. मुलांना धैर्याची गोष्ट सांगायची असेल तर ही सांगा.

१९१८ मध्ये शाळा बंद झाली आणि जागा लष्कराने परत घेतली. आज तिथे आर्मी वॉर कॉलेज आहे.

फाटकाजवळ एक कब्रस्तान आहे. पांढरे, लहान, एकसारखे दगड, ओळीने. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मार्च होता, गवत अजून तपकिरी होतं. शेजारच्या रस्त्यावरून गाड्या जात होत्या. दगडांवर नाव, जमात, तारीख. काही नावांचं स्पेलिंग चुकलेलं, काहींवर फक्त 'अननोन'. एका दगडापाशी कुणीतरी प्लॅस्टिकचा छोटा घोडा ठेवला होता, दुसऱ्यापाशी मण्यांची माळ आणि काही नाणी. ही शाळेत मेलेली मुलं. क्षय, न्यूमोनिया, गोवर. काही तर येऊन वर्षही झालेलं नव्हतं. १९२७ मध्ये बांधकामासाठी आधीचं कब्रस्तान उकरून हे सगळे अवशेष इथे आणले, म्हणून कुठल्या दगडाखाली कोण याचाही घोळ आहे. २०१७ पासून लष्कर अवशेष नातेवाइकांना परत देतंय. २०२१ च्या जुलैत रोझबडची नऊ मुलं घरी गेली. दक्षिण डकोटात लोक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे होते.

फुटबॉलच्या मैदानापासून हे दगड दूर नाहीत. एकाच आवारात दोन्ही. म्हणून एक सोडून दुसरं सांगता येत नाही. फक्त विजय सांगितले तर असं वाटतं की शाळेने मुलांना घडवलं. फक्त थडगी सांगितली तर ती मुलं नुसती बिचारी ठरतात, आणि ती तशी नव्हती. त्यांनी त्या जागी, त्या अटींवर, देशातला सगळ्यात सुंदर फुटबॉल खेळून दाखवला.

२०२४ मध्ये अमेरिकेच्या अंतर्गत व्यवहार खात्याच्या अहवालात अशा ४१७ शाळा आणि किमान ९७३ मुलांचे मृत्यू नोंदले गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी जाहीर माफी मागितली आणि डिसेंबरात कार्लाइलच्या शाळेला राष्ट्रीय स्मारक घोषित केलं. म्हणजे आता ती जागा सगळ्यांची आहे, आपली आणि आपल्या मुलांचीही, कारण ती या देशाची नागरिक आहेत.

माझ्या विनंत्या साध्या आहेत.

'रेड इंडियन' हा शब्द आपल्या बोलण्यातून काढून टाकू या. मी स्वतः तो कालपरवापर्यंत वापरत होते. मूलनिवासी म्हणा, आणि शक्य तिथे जमातीचं नाव घ्या: लाकोटा, होपी, ओजिब्वे, सॅक अँड फॉक्स. आपल्याला कुणी नुसतं 'एशियन' म्हटलं की आपण लगेच सांगतो ना, आम्ही मराठी म्हणून? तसंच हे. आणि फॅन्सी ड्रेस स्पर्धेत डोक्याला पिसं लावून, तोंडावर हात आपटून ओरडणारं पात्र आता बंद करा. एका कार्यक्रमात त्या पात्राला पहिलं बक्षीस मिळालं होतं आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्या मुलाची काही चूक नाही. मोठ्यांपैकी कुणीतरी आधी बोलायला हवं होतं. मी बोलले नाही.

पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनोजच्या डोंगरांत पानगळीचे रंग बघायला तुम्ही जिम थॉर्प नावाच्या गावाला जाता, दर ऑक्टोबरात तिथले फोटो येतात. थॉर्प त्या गावात कधी राहिला नव्हता. तो ओक्लाहोमाचा. त्याच्या लोकांच्या रीतीने अंत्यविधी चालू असताना त्याच्या तिसऱ्या पत्नीने पार्थिव तिथून नेलं, आणि १९५४ मध्ये मॉक चंक आणि ईस्ट मॉक चंक या दोन गावांनी एक होऊन, पर्यटक येतील या आशेने, त्याचं नाव घेतलं आणि त्याला तिथे ठेवलं. त्याच्या मुलांनी त्याला घरी न्यायला कोर्टात लढा दिला; २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऐकायला नकार दिला आणि तो तिथेच राहिला. तुम्ही गेलात की गावाबाहेर त्याच्या समाधीशी पाच मिनिटं थांबा आणि मुलांना हे सांगा. पानं तोवर थांबतील.

आणि हर्शीच्या सहलीत कार्लाइल जोडा. ते लष्कराचं चालू ठाणं आहे, त्यामुळे मोठ्यांची ओळखपत्रं लागतात आणि आधी चौकशी करावी लागते. ते काम मी करून देईन. गावातल्या ऐतिहासिक सोसायटीत शाळेची छायाचित्रं आहेत. त्यात आधीचे आणि नंतरचे असे जोडीने काढलेले फोटो बघताना लहान मुलांच्या सोबत उभं राहा, त्यांना एकटं सोडू नका.

ज्या रविवारी शेवटी मी वर्गात हे सगळं सांगितलं, तेव्हा फळ्यावर थॉर्पचं त्याच्या भाषेतलं नाव लिहिलं: वा-थो-हक. उजळलेली वाट, असा त्याचा अर्थ सांगतात. मुलांनी ते देवनागरीत वहीत उतरवून घेतलं. मग एका मुलीने विचारलं, बाकीच्या संघाची खरी नावं काय होती? मला सांगता आली नाहीत. वहीत तिने एका ओळीत गस, ॲलेक्स, जो, जो असं लिहिलं आणि प्रत्येकासमोर जागा सोडली.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी आम्ही जाणार आहोत. सकाळी दहाला कार्लाइलला भेटायचं, डबे सोबत, दुपारनंतर हवं त्याने हर्शीला जावं. फुलं आणणार असाल तर साधी आणा, हार नकोत. आपल्या वर्गातून किती जण येतील ते तुमच्या शाळेच्या समन्वयकांकडे कळवा, ते माझ्यापर्यंत पोचवतील.

आपली नम्र,
मध्य पेनसिल्व्हेनियातल्या मराठी शाळेतली एक शिक्षिका